हँग मारला म्हणून फॉर्मॅट नको

दिवाळी आटोपली की गोंदिया जिल्ह्यातल्या धान खरेदी केंद्रांवर गर्दी होते, राईस मिलांची भरडाई जोरात येते आणि माझ्या दुकानातला फोन दम खात नाही. तक्रार बहुतेक वेळा एकाच घाटाची असते. "भाऊ, हिशेबाचा सॉफ्टवेअर उघडला का पूरा काम्पुटरच हँग मारते जी. माऊसबी हालत नाही." मी काही विचारायच्या आत पुढचं वाक्य येतं, "तुम्ही येऊन फॉर्मॅट मारून द्या."

पहिलं वाक्य मी वहीत लिहून घेतो. दुसऱ्याशी माझं जुनं भांडण आहे.

आमच्या धंद्यात फॉर्मॅट हे सगळ्यात सोपं आणि सगळ्यात जास्त खपणारं काम. गिऱ्हाइकाला काहीतरी झाल्याचं समाधान मिळतं, आम्हाला ठरलेले पैसे मिळतात आणि विंडोज नवंकोरं असल्यामुळे मशीन चार दिवस बरं पळतं. मग तोच फोन पुन्हा येतो, कारण मशीन ज्यामुळे अडकत होतं ती गोष्ट जागची हललेलीच नसते. मधल्यामध्ये जुने हिशेब, शेतकऱ्यांच्या याद्या आणि चुकाऱ्यांच्या नोंदी मात्र उडून जातात.

हिशेबाचा असो की डिझाइनचा, साधा प्रोग्राम आजच्या विंडोजवर केवळ स्वतःच्या जोरावर सगळा कॉम्प्युटर अडवू शकत नाही. तो स्वतः अडकू शकतो, बंद पडू शकतो. सगळं मशीनच थिजलं असेल तर त्या प्रोग्रामनं आधीच दुबळ्या झालेल्या एखाद्या जागेवर भार टाकलेला असतो. ती जागा शोधणं हेच खरं दुरुस्तीचं काम.

पूर्वी असं नव्हतं. १९९२ साली आलेल्या विंडोज ३.१ मध्ये सगळे प्रोग्राम आपापसांतल्या समजुतीवर चालत. एकानं काम उरकून प्रोसेसर सोडला तरच दुसऱ्याला मिळायचा आणि एखादा अडून बसला की बाकीचे सगळे ताटकळायचे. १९९३ च्या विंडोज एनटीनं ही पद्धत बदलली. तिथे कर्नल, म्हणजे विंडोजचा गाभा, प्रत्येक प्रोग्रामला मिलिसेकंदांत मोजून वेळ देतो आणि वेळ भरला की प्रोसेसर काढूनच घेतो. २००१ साली विंडोज एक्सपीबरोबर ही रचना घराघरांतल्या मशीनवर पोचली. आता प्रोग्रामला दुसऱ्याच्या मेमरीत हात घालता येत नाही, डिस्कशी थेट बोलता येत नाही. जे हवं ते कर्नलकडे मागायचं. कर्नलच्या आत वावरायची मुभा मुख्यतः ड्रायव्हरना, म्हणजे यंत्राचे भाग चालवणाऱ्या प्रोग्रामांना, असते आणि तिथे चूक झाली तर ती सगळ्या मशीनला भोवते.

म्हणून फोनवर मी आधी एवढंच विचारतो की अडकलं कोण? खिडकीच्या माथ्यावर 'नॉट रिस्पॉन्डिंग' असं आलंय का? प्रोग्रामनं पाच सेकंद विंडोजच्या निरोपांकडे पाहिलं नाही की विंडोज त्याच्यावर ही पाटी लावतं. पाटी दिसते याचा अर्थ विंडोज शुद्धीवर आहे. मग साध्या वायरवाल्या कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबायला सांगतो. त्याचा दिवा कीबोर्ड आपल्या मनानं लावत नाही, त्याला कॉम्प्युटरचा हुकूम लागतो. दिवा लागला-विझला तर आत कोणीतरी जागं आहे. शेवटी कंट्रोल, आल्ट, डिलीट. ही तीन बटणं १९८१ सालच्या पहिल्या आयबीएम पीसीसाठी डेव्हिड ब्रॅडली नावाच्या इंजिनिअरनं ठरवली, तेव्हा ती दाबली की मशीन सरळ पुन्हा सुरू व्हायचं. एनटीपासून तो इशारा विंडोजच्या गाभ्याकडे जातो, मधला कोणताही साधा प्रोग्राम तो गिळू शकत नाही. पर्याय दाखवणारा पडदा आला, भले मिनिटभरानं का होईना, तर मशीन गुदमरलंय पण चालू आहे. यातलं काहीच झालं नाही तर भानगड खोलवर आहे: ड्रायव्हर, रॅम, वीज किंवा डिस्क.

हे सगळं करायला दोन-तीन मिनिटं थांबावं लागतं आणि तेवढा धीर कोणालाच नसतो. माऊस हलला नाही की बटण दाबून धरायचं, हीच सवय. मग विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'कर्नल पॉवर ४१' अशी लाल नोंद पडते आणि कोणीतरी हुशार भाचा ती दाखवून "पॉवर सप्लाय गेला" असं जाहीर करतो. त्या नोंदीचा अर्थ एवढाच की मशीन रीतसर बंद न होता बंद झालं. बटण तुम्हीच दाबलं असेल तर ती नोंद तुमचीच आहे.

गोरेगावकडच्या एका मिलचे मुनीमजी जीएसटीचा रिपोर्ट काढायला लागले की मशीन मरायचं. मी गेलो आणि रिपोर्ट काढण्याआधी कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडला, तो सगळ्या खिडक्यांच्या वर राहील अशी सोय केली आणि मग म्हटलं, "आता काढा जी." मेमरी नव्वद टक्क्यांच्या वर गेली, डिस्क शंभरावर जाऊन बसली आणि प्रोसेसर मात्र जेमतेम दहा-बारा टक्के काम करत होता. तिथेच निदान झालं. मशीनमध्ये चार जीबी रॅम, जुनी फिरती हार्ड डिस्क. मागे ब्राउझरमध्ये बँक, सरकारी पोर्टल, व्हॉट्सअॅप आणि एका टॅबमध्ये गाणी. गाणी मुनीमजींची नव्हती म्हणे.

रॅम म्हणजे मुनीमजींचं टेबल आणि हार्ड डिस्क म्हणजे मागचं गोदाम असं समजा. टेबल भरलं की विंडोज काही कागद गोदामात नेऊन ठेवतं आणि लागले की परत आणतं. गोदामातल्या या राखीव जागेला पेज फाइल म्हणतात. रॅममधून माहिती उचलायला साधारण शंभर नॅनोसेकंद लागतात, फिरत्या डिस्कवरून दहा मिलिसेकंदांच्या आसपास. म्हणजे एक लाख पट. टेबलावरचा कागद एका सेकंदात हाती येत असेल तर गोदामातला यायला सत्तावीस तासांहून जास्त लागतील. टेबल फारच लहान असलं की सगळा वेळ नेण्या-आणण्यातच जातो, माऊस हलवायचा कागदही गोदामात अडकतो आणि बघणाऱ्याला वाटतं, मशीन मेलं. रिपोर्टच्या प्रोग्रामचा गुन्हा एवढाच की टेबलावर शेवटचा गठ्ठा त्यानं ठेवला.

रॅम आठ जीबी केली, फिरत्या डिस्कच्या जागी एसएसडी बसवली, काम भागलं. जिथे तेवढा खर्च लगेच जमत नाही तिथे मी ब्राउझर बंद करून रिपोर्ट काढायला सांगतो. शिवाय सी ड्राइव्ह लाल झालाय का तेही बघा. सेवा केंद्रांमध्ये डाउनलोडच्या फोल्डरात सातबाऱ्यांच्या पीडीएफचा ढीग साचलेला असतो. सी ड्राइव्हवर जागा उरली नाही की पेज फाइल वाढू शकत नाही, मग रॅम असूनही प्रोग्राम गुदमरतात.

तिरोड्याच्या एका फ्लेक्सवाल्या पोराकडे तर सोळा जीबी रॅम होती, तरी कोणा नेत्याच्या वाढदिवसाचा बॅनर उघडला की सगळं ठप्प. मी त्याला कागदावर हिशेब मांडून दाखवला. बॅनर दहा फूट बाय वीस फूट, म्हणजे १२० इंच बाय २४० इंच. त्यानं फाइल ठेवली होती ३०० डीपीआयवर, म्हणजे दर इंचाला तीनशे ठिपके. ३६,००० गुणिले ७२,००० म्हणजे २५९ कोटी ठिपके. छपाईच्या चार रंगांचा प्रत्येकी एक बाइट धरला तर दहा जीबीच्या वर, आणि हा नुसता एक थर. त्यावर नेत्याचा फोटो, खाली शुभेच्छुकांचे पासपोर्ट फोटो, प्रत्येक 'अनडू'साठी राखलेली प्रत. सोळा जीबी कुठे पुरणार? चौकात वीस फुटांवरून बघायच्या बॅनरला ७२ डीपीआय पुष्कळ होतात. तीच फाइल मग साठ कोटी बाइटांत, म्हणजे सतरा पट हलकी. शुभेच्छुकांची संख्या कमी करा असंही सुचवलं होतं, ते जमणारं नव्हतं.

याच पोराचं डिझाइनचं सॉफ्टवेअर सकाळी उघडतानाही अडकायचं, पण तेव्हा बाकीचा कॉम्प्युटर चालू असायचा. हा वेगळा आजार. कित्येक प्रोग्राम उघडताना डीफॉल्ट प्रिंटरची चौकशी करतात. तो प्रिंटर शेजारच्या खोलीत नेटवर्कवर होता आणि सकाळी बंद. प्रोग्राम उत्तराची वाट पाहत बसायचा. डीफॉल्ट म्हणून विंडोजचा पीडीएफ प्रिंटर निवडला आणि तक्रार संपली. एकच प्रोग्राम अडकणं आणि सगळं मशीन अडकणं यांत गल्लत केली की अशी साधी गोष्ट हातची जाते.

मे महिन्यात फोन येतात ते दुपारचे. आमच्याकडे पारा ४५ च्या पलीकडे जातो आणि अनेक ब्रँडेड डेस्कटॉपच्या पुस्तिकेत खोलीचं तापमान ३५ अंशांपर्यंतच असावं असं छापलेलं असतं. ती पुस्तिका कोणी वाचत नाही, आणि वाचून तरी करणार काय. त्यात राईस मिलचं ऑफिस. तांदळाच्या कोंड्यात तेलाचा अंश असतो, त्यामुळे तिथली धूळ नुसती बसत नाही, चिकटते. प्रोसेसरवरच्या पंख्याखाली अॅल्युमिनियमच्या पात्यांवर तिचा जाड थर जमतो, हवा आत जात नाही. प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास पोचला की स्वतःचा वेग पाडतो आणि तरीही तापतच राहिला तर मशीन बंद करून टाकतो. साधं टायपिंग करताना हे कळत नाही. जड प्रोग्राम उघडला की कळतं, आणि आळ त्या प्रोग्रामवर येतो.

पारख करायला महागडं काही लागत नाही. कॅबिनेटचा बाजूचा पत्रा काढा, समोर टेबलफॅन लावा आणि तोच प्रोग्राम चालवा. अडकणं थांबलं किंवा लांबलं तर दोष गर्मीचा. साफ करताना मशीन बंद करून वायर काढून अंगणात न्या, ब्लोअर मारताना पंखा बोटानं धरून ठेवा, नाहीतर तो भन्नाट फिरून निकामी होतो. जुन्या मशीनमध्ये प्रोसेसर आणि पात्यांमधली थर्मल पेस्ट वाळलेली असते, ती नवी लावावी लागते. काही मेकॅनिक रॅम काढून खोडरबरानं घासतात. गिऱ्हाईक हसतात, पण दमट हवेत काळवंडलेल्या टोकांसाठी हा उपाय कधी कधी खरंच चालतो.

आमगावच्या एका मिलमध्ये गर्मी नव्हती, धूळ नव्हती, डिस्क चांगली. तरी लॉटची नोंद करताना मशीन थिजायचं. मी त्यांना एक वही दिली आणि अडकलं की वेळ लिहा म्हटलं. त्या वेळांशेजारी मिल सुरू झाल्याच्या वेळा मांडल्या तेव्हा उलगडलं. मोठी मोटर सुरू झाली की व्होल्टेज खाली बसायचं, कॉम्प्युटरचा जुना एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय, तो झटका सोसू शकत नव्हता. मिल चालू असतानाच लॉटची नोंद व्हायची, म्हणून बिचारं सॉफ्टवेअर बदनाम. वेगळी लाइन, बरी अर्थिंग आणि नवा एसएमपीएस, झालं. अशा वेळी पेन आणि वही हे माझ्याकडचं सगळ्यात भरवशाचं हत्यार असतं.

ड्रायव्हरची गोष्ट लग्नाचे व्हिडिओ मिक्सिंग करणाऱ्यांकडे भेटते. स्क्रीन काळी होते, आवाज मात्र चालू राहतो. ग्राफिक कार्ड दोन सेकंदांत काम उरकू शकलं नाही तर विंडोज व्हिस्टापासून विंडोज स्वतः त्या ड्रायव्हरला पाडून पुन्हा उभं करतं. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबून तुम्हीही ते करू शकता, उघडलेलं काम त्यात जात नाही. वारंवार होत असेल तर कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर घ्या, 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये' छाप सॉफ्टवेअर घेऊ नका. एकाच मशीनवर दोन अँटीव्हायरस घातलेलेही मी बघतो. दोघेही कर्नलच्या दाराशी उभे राहून एकच फाइल तपासतात. एक काढून टाका.

कर्नलमध्ये घुसलेल्या वस्तूची चूक केवढी पडते ते १९ जुलै २०२४ ला जगानं पाहिलं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीनं आपल्या वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी एक सदोष फाइल जगभरच्या मशीनवर पाठवली. कंपनीचा ड्रायव्हर कर्नलमध्ये चालणारा, त्यामुळे फाइल वाचताक्षणी विंडोज निळा पडदा दाखवून कोसळलं. कंपनीनं ७८ मिनिटांत फाइल मागे घेतली, तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख कॉम्प्युटर पडले होते. भारतात विमानतळांवर रांगा लागल्या, इंडिगोनं हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले. आमच्या बिरसी विमानतळावरून डिसेंबर २०२३ मध्ये हैदराबादचं विमान सुरू केलं तीच ही इंडिगो, त्यामुळे इथेही त्या दिवसाची पुष्कळ चर्चा झाली. लक्षात घ्यायची गोष्ट अशी की एवढ्या मोठ्या गोंधळावर उपाय फॉर्मॅट नव्हता. सेफ मोडमध्ये जाऊन ती एक फाइल पुसायची होती, मात्र हजारो मशीनवर ते हातानं करावं लागलं.

सेफ मोड तुमच्याही कामाचा आहे. त्यात विंडोज अगदी मोजके ड्रायव्हर घेऊन उठतं. तिथे मशीन तासभर नीट चाललं तर संशय ड्रायव्हरवर किंवा सुरू होताना आपोआप चढणाऱ्या प्रोग्रामवर. तिथेही थिजलं तर पत्र्याच्या डब्यात हात घालायची वेळ आली. रॅमची शंका असेल तर विंडोजमध्येच मेमरी तपासायचं साधन आहे, ते रात्री लावून झोपा.

सगळ्यात वाईट दुखणं डिस्कचं, आणि फॉर्मॅटनं सर्वाधिक नुकसान तिथेच होतं. फिरत्या डिस्कवरचा एखादा भाग खराब झाला की डिस्क तो पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करते. एकेका प्रयत्नात कित्येक सेकंद जातात आणि तेवढा वेळ ती दुसऱ्या कोणालाच उत्तर देत नाही. विंडोजच्या फाइली त्याच डिस्कवर, पेज फाइल त्याच डिस्कवर, म्हणून सगळेच तिच्या तोंडाकडे बघत बसतात. तुमच्या हिशेबाची फाइल नेमकी त्या खराब भागावर असेल तर ते सॉफ्टवेअर उघडलं तरच मशीन थिजतं, बाकी कामं सुरळीत. लोक शपथेवर सांगतात की दोष सॉफ्टवेअरचाच.

खूण अशी की मशीन अर्धा-एक मिनिट थिजतं आणि मग मधल्या वेळात टाइप केलेली सगळी अक्षरं एकदम उमटतात. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'डिस्क' या नावाखाली ७ किंवा १५३ क्रमांकाच्या नोंदी दिसतात. डिस्क आपल्या तब्येतीची नोंद स्वतःही ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. क्रिस्टल डिस्क इन्फो या फुकट मिळणाऱ्या प्रोग्राममध्ये ती वाचता येते. बदललेल्या आणि प्रलंबित सेक्टरांचे आकडे आठवड्यागणिक वाढत असतील तर ती डिस्क जाणार. सीआरसीच्या, म्हणजे माहितीची ने-आण होताना झालेल्या, चुका तेवढ्या वाढत असतील तर डिस्क ठीक असून तिची केबल ढिली किंवा खराब असू शकते आणि केबल स्वस्त मिळते. ती तपासल्याशिवाय नवी डिस्क विकणारा मेकॅनिक बदला.

खराब डिस्कवर क्विक फॉर्मॅट मारला तर ती तपासली जातच नाही, फक्त यादी पुसली जाते. पूर्ण फॉर्मॅट किंवा चेकडिस्क लावला तर मरायला टेकलेल्या डिस्कला तासन्‌तास पळवलं जातं आणि जे वाचवता आलं असतं तेही हातचं जातं. आधी माहिती दुसरीकडे उतरवायची, मग डिस्क बदलायची, हाच क्रम.

खरेदीचा हंगाम सुरू व्हायच्या आधी शेतकऱ्यांच्या याद्या आणि हिशेबाचं फोल्डर एका पेनड्राइव्हवर उतरवून घ्या आणि तो पेनड्राइव्ह कॉम्प्युटरपासून दूर, घरी ठेवा. मेकॅनिकला बोलावताना कोणता प्रोग्राम, किती वाजता, मागे काय चालू होतं आणि कॅप्स लॉकचा दिवा लागत होता की नाही एवढं सांगा. आणि डब्यातून टक्‌टक् आवाज यायला लागला तर परत सुरू करून बघू नका. वायर काढा आणि आधी फोन करा.